बुधवार पेठेतली लोखंडी अक्षरं

फोनवर ‘लाल शाल’ असं टाइप करा आणि ते दोन शब्द बोटांनी मोठे करून बघा. बहुतेक फोनांवर ‘ल’च्या उजवीकडे एक उभा दंड दिसेल आणि ‘श’ची सुरुवात एका गाठीने झालेली दिसेल. घरात बालभारतीचं पहिलीचं पुस्तक असेल, तर हीच दोन अक्षरं त्यात शोधा. तिथला ‘ल’ म्हणजे दोन पाकळ्या आणि मधून वर गेलेला छोटा देठ. उजवीकडे दंड नाही. तिथला ‘श’ही देठाने शिरोरेषेला टांगलेला. पहिलीतलं मूल शाळेत एक ‘ल’ गिरवतं आणि घरी आईच्या फोनवर दुसराच ‘ल’ वाचतं.

वाचताना कुणाचं काही अडत नाही, हे खरं. दोन्ही ‘ल’ आपल्याला कळतात. पण एखाद्या भाषेच्या अक्षराचं वळण कोण ठरवतं, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा बराचसा भाग मुंबईच्या छापखान्यांत आणि पुण्याच्या पेठांत घडलेला आहे.

इंग्रजी वाचणाऱ्यांना त्यांच्या पुस्तकी अक्षरांची नावं निदान ऐकून माहीत असतात. गॅरामाँड, कॅस्लन, बास्करव्हिल. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ साली कॅस्लनमध्ये छापला गेला. ‘टाइम्स न्यू रोमन’ १९३२ साली लंडनच्या ‘टाइम्स’ या दैनिकासाठी तयार झाला आणि पुढे जगभरच्या कॉम्प्युटरांत जाऊन बसला. ज्यांना कशाचंच नाव माहीत नाही, त्यांनीही वर्डच्या मेनूत ही नावं पाहिलेली असतात. मराठीतही असं एक अक्षर होऊन गेलं. पंचांग, पोथ्या, संस्कृत काव्यं, टीकाग्रंथ, सगळं त्यात छापलं गेलं. त्याचं नाव निर्णयसागर. आज ते नाव ऐकल्यावर बहुतेकांना फक्त पंचांग आठवतं.

बोरूचं टोक

निर्णयसागरकडे जाण्याआधी पुस्तकी अक्षर म्हणजे काय, ते पाहू. रोमन लिपीत ज्याला सेरिफ म्हणतात, ती अक्षराच्या टोकाला असलेली छोटी पावलं. देवनागरीला तशी पावलं नाहीत, तिला शिरोरेषा आहे. तरीही फाँटच्या यादीत ‘सेरिफ देवनागरी’ असं लिहिलेलं सापडतं. त्याचा अर्थ इतकाच, की त्या अक्षरात रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक होते. ही जाडी-बारकाई बोरूतून आली. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं, त्यामुळे हात एका दिशेने गेला की रेघ रुंद उमटते आणि दुसऱ्या दिशेने गेला की केसासारखी बारीक होते. देवनागरीच्या बोरूचा छाट रोमन लेखणीच्या उलट बाजूचा, म्हणून आपल्या अक्षरांतली जाडी वेगळ्या जागी पडते.

सगळीकडे सारख्या जाडीची रेघ असलेलं अक्षर दुकानाच्या पाटीवर आणि ॲपच्या बटणावर छान दिसतं. पण तीनशे पानं वाचायची असतील, तर ही जाडी-बारकाई अक्षरांना एकमेकांपासून वेगळं ठेवते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांच्यातला फरक नजरेला चटकन कळतो. धातूमध्ये हे वळण आणणं मात्र फार अवघड होतं.

तांबटापासून शिळाप्रेसपर्यंत

मराठी मुलखातल्या छपाईची एक सुरुवात पेशवाईतल्या पुण्यात झाली आणि पुण्यात ती पुरी झाली नाही. इंग्रजांच्या वकिलातीमुळे पुण्यात आलेल्या कारागिरांचं काम पाहून नाना फडणीसांनी एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला लावलं. भगवद्गीता छापायची होती. १८०० साली नाना गेले आणि काम थांबलं. तो कारागीर मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ साली तिथे ही गीता छापून झाली. ही छपाई खिळ्यांची नव्हती. सुट्या अक्षरांऐवजी अख्खं पान उलटं कोरलेलं होतं. दुसरं पुस्तक छापायचं तर दुसरे पत्रे कोरायला हवेत.

त्याच १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनी छापलं गेलं. मराठी माणूस तेव्हा रोजचा व्यवहार मोडीत लिहीत होता. पण श्रीरामपूरकरांकडे तेव्हा मोडीचे खिळे तयार नव्हते, नागरीचे होते. म्हणून व्याकरण नागरीत छापलं. पुढे मोडीचे खिळेही पाडले गेले आणि केरीचा १८१० चा मराठी कोश मोडीत निघाला. पण पुढच्या काळात छापील मराठी बाळबोधच राहिली आणि मोडी कागदपत्रांत मागे पडत गेली. आज मोडी वाचायला वर्ग लावावा लागतो. या बदलाला इतरही कारणं होती, पण कोणते खिळे हाताशी आहेत हे त्यातलं एक मोठं कारण होतं.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८१६ साली छापखाना उभा केला. त्याचे खिळे कलकत्त्याहून आणलेले होते. अक्षरं मोठी, बोजड आणि मराठी डोळ्याला परकी. सुबक हस्ताक्षरातल्या पोथ्या वाचायची सवय असलेल्या माणसाला ती छपाई गबाळी वाटली, तर त्यात आश्चर्य नाही. म्हणूनच बरीच वर्षं मराठी छपाई शिळाप्रेसकडे वळली. शिळाप्रेसमध्ये लेखक-कारकून सुंदर हाताने लिहितो आणि ते लिखाण दगडावर उतरवून छापतात. छापील असूनही ते हस्ताक्षरच असतं. याच तंत्राने गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पहिलं छापील मराठी पंचांग काढलं. ते भंडारी समाजातले, मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले. शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील पानाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरलं. पंचांग घरोघर गेलं ते दोन कारणांनी. तुपामुळे ते सोवळ्यात बसलं आणि वळण ओळखीचं असल्यामुळे डोळ्यांना रुचलं.

आता खिळ्यांना या हस्ताक्षराशी स्पर्धा करायची होती.

जावजी दादाजी

अमेरिकन मिशनच्या छापखान्यात १८३० च्या दशकात टॉमस ग्रॅहॅम नावाचा कारागीर घडला. त्याने मराठी वळणाचे, आकाराने लहान आणि नेटके नागरी खिळे पाडले. त्याच्याच हाताखाली पोरवयात कामाला लागलेले जावजी दादाजी चौधरी हे या गोष्टीचे नायक. त्यांचा जन्म १८३९ चा. मिशनमध्ये आणि मग मुंबईतल्या दुसऱ्या छापखान्यांत काम करून त्यांनी १८६४ साली स्वतःची टाईप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. ठसे कोरण्यात त्यांचे साथीदार होते राणोजी रावजी आरू. अक्षरांचं जे सौंदर्य आपण निर्णयसागरच्या नावावर जमा करतो, त्यात आरूंच्या हाताचा वाटा फार मोठा आहे.

त्यांचं काम कसं चालायचं, ते समजून घेतल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. पोलादाची एक काडी घ्यायची. तिच्या टोकावर कानशीने आणि टाकीने अक्षर कोरायचं, उलटं आणि प्रत्यक्ष छापायच्या आकाराचं. म्हणजे ‘क्ष’ची सगळी वळणं तीन-चार मिलिमीटरांत. ठसा तपासायचा, पुन्हा घासायचा, मग तापवून कडक करायचा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की साचा तयार. साच्यात शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतला की एक खिळा. असे हजारो खिळे. अक्षराचा आकार बदलायचा असेल, तर सगळं पहिल्यापासून. आपण स्क्रीनवर दोन बोटं फाकवून अक्षर मोठं करतो. तेव्हा प्रत्येक मापासाठी प्रत्येक अक्षर माणसाने पुन्हा कोरलेलं असायचं.

शिवाय देवनागरीला सव्वीस अक्षरांवर भागत नाही. स्वर, व्यंजनं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा, उकार, रफार, अनुस्वार. ‘ङ्क्त’ किंवा ‘द्ध्व’ अशी जोडाक्षरं संस्कृतात सर्रास येतात. एका मापाच्या पूर्ण संचात शेकडो खिळे. मात्रा अक्षराच्या डोक्यावर बरोबर बसली पाहिजे, उकार खाली चिकटला पाहिजे आणि शिरोरेषा ओळभर न तुटता गेली पाहिजे. वाईट खिळ्यांत शिरोरेषा दर अक्षरापाशी तुटते आणि पान फाटक्या तोरणासारखं दिसतं. निर्णयसागरच्या पानावर रेघ सलग जाते. एका मजकुराच्या खाली त्याची टीका, तिच्या खाली टीपा, असे तीन मापांचे थर असले, तरी सगळ्यांत लहान मापही वाचता येतं.

संस्कृत पंडितांना नेमकं हेच हवं होतं. १८८६ साली निर्णयसागरने ‘काव्यमाला’ सुरू केली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादलेल्या या मालेने कितीतरी काव्यं पोथ्यांमधून बाहेर काढली. १८९२ साली जावजी गेले. पुढे तुकाराम जावजींनी छापखाना चालवला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली, तेव्हा सुकथनकरांनी संपादलेलं १९३३ चं आदिपर्वही निर्णयसागरमध्येच छापलं गेलं. पानाच्या वरच्या भागात श्लोक आणि खाली पोथ्यापोथ्यांमधले पाठभेद. ते पान जुळवणं म्हणजे एकेका खिळ्याचा हिशोब ठेवणं होतं.

आनंदाश्रम

आता पुण्यात, बुधवार पेठेत येऊ. पुण्याबाहेर या पेठेचं नाव निघालं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच गल्ली येते. पुण्यातल्या शाळकरी मुलांना मात्र बुधवार पेठ माहीत असते ती अप्पा बळवंत चौकामुळे. जूनमध्ये क्रमिक पुस्तकं आणि वह्या, पुढे गाइड आणि एमपीएससीची पुस्तकं, असं सगळं तिथे मिळतं. पुस्तकांशी या पेठेचं नातं जुनं आहे. लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ साली सुरू झालेलं वाचनालय, म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर, याच पेठेतलं. ज्या बुधवार वाड्याशी त्याच्या सुरुवातीच्या काळाच्या आठवणी जोडलेल्या आहेत, तो पेशव्यांचा वाडा १८७९ सालच्या आगीत जळाला.

अप्पा बळवंत चौकापासून थोड्याच अंतरावर आनंदाश्रम आहे. मुंबई उच्च न्यायालयातले वकील महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली ही संस्था स्थापन केली. हेतू साधा आणि अवघड होता. घराघरांत पडून असलेल्या संस्कृत पोथ्या जमवायच्या, त्यांच्या प्रती एकमेकींशी ताडून बघायच्या, शुद्ध पाठ ठरवायचा आणि तो छापायचा. त्यासाठी पोथ्यांचा संग्रह आणि छापखाना एकाच आवारात. व्यवस्था पाहायला होते त्यांचे पुतणे हरि नारायण आपटे. होय, ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिणारे हरिभाऊच. मराठी कादंबरीला वळण देणारा हा माणूस आयुष्यभर संस्कृत ग्रंथांच्या छपाईचा कारभारही पाहत होता.

आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीतला पहिला ग्रंथ होता गणेशाथर्वशीर्ष, भाष्यासह. पुढे उपनिषदं, पुराणं, मीमांसा, धर्मशास्त्र, वैद्यक असे शंभराहून अधिक ग्रंथ निघाले. आज ऋषिपंचमीच्या पहाटे हजारो बायका याच पेठेत दगडूशेठ गणपतीसमोर अथर्वशीर्ष म्हणतात. कितीतरी जणी फोनवर बघून म्हणतात. वेदमंत्र बायकांच्या कानांवरही पडू नयेत, असं मानणारा समाज आणि ही पहाट यांच्यामध्ये बरंच काही घडलं. छापील अथर्वशीर्ष हा त्या प्रवासातला एक टप्पा आहे. पोथी मागायला गेलं, तर ती कुणाला दाखवायची हे तिचा मालक ठरवू शकत होता. छापील पुस्तक किंमत मोजणाऱ्याला मिळतं.

या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर एक शब्द असतो, आयसाक्षर. अयस् म्हणजे लोखंड. हा ग्रंथ लोखंडी अक्षरांनी मुद्रित केला आहे, असं तिथे संस्कृतात सांगितलेलं असतं. वास्तविक खिळे शिशाच्या मिश्रधातूचे. पण पंडितांना नव्या तंत्रासाठी शब्द हवा होता आणि त्यांनी तो घडवला. मला हा शब्द फार आवडतो. भूर्जपत्र, ताडपत्र, कागद आणि शाई यांच्या जगात अक्षर पहिल्यांदाच कठीण वस्तू झालं होतं. ते हातात धरता येत होतं, मोजता येत होतं, विकत घेता येत होतं. आणि एकदा ते विकत घेतलं, की त्याचं वळणही सोबत येत होतं.

वळणाचा प्रवास

आनंदाश्रमाच्या पानांवरही तेच मुंबई वळण दिसतं. त्या काळात नागरीची दोन मुख्य वळणं होती, मुंबई आणि कलकत्ता. उत्तरेकडच्या जुन्या छपाईत अ, झ, ण ही अक्षरं आजच्यापेक्षा निराळी दिसतात. तिथला जुना ‘ण’ आपल्याला चक्क ‘रा’ वाटेल. मुंबईचे खिळे देशभर विकले गेले, निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं काशीपासून दक्षिणेपर्यंत वाचली गेली आणि वाचकांच्या डोळ्यांना मुंबई वळणाची सवय झाली. स्वातंत्र्यानंतर हिंदीची प्रमाण लिपी ठरवली, तेव्हा त्यात अ, झ आणि ण मुंबई वळणाचे घेतले गेले. आज दिल्लीतलं मूल जो ‘अ’ गिरवतं, तो या अर्थाने आपल्या छापखान्यांचा ‘अ’ आहे. ‘ल’ आणि ‘श’ मात्र हिंदीने उत्तरेकडचे ठेवले.

म्हणजे ‘हिंदी अक्षरं मराठीवर चढून बसली’ ही तक्रार अर्धीच खरी आहे. अक्षरं दोन्ही दिशांनी गेली. फरक इतकाच, की तेव्हा मुंबई वळण उत्तरेत गेलं ते वाचकांना आणि छापणाऱ्यांना ते पटलं म्हणून. खिळे विकत घेताना छापखान्याचा मालक नमुन्याचं पान बघत होता आणि निवडत होता. आपल्या फोनवर उत्तरेकडचा ‘ल’ आला, तेव्हा कुणी नमुना बघितला नाही.

यंत्राला हवी तशी लिपी

शेकडो खिळ्यांचा त्रास सर्वांत जास्त होता जुळाऱ्याला. केसच्या घरांतून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये लावायचा, छपाई झाली की सगळे खिळे सोडवून पुन्हा आपापल्या घरात टाकायचे. संस्कृत ग्रंथाला वेळ असतो, वर्तमानपत्राला नसतो. म्हणून लिपी आटोपशीर करण्याची धडपड पुण्यात ‘केसरी’मध्ये सुरू झाली. लोकमान्य टिळकांनी १९०४ च्या सुमारास नागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचं काम हाती घेतलं. कोणतं अक्षर किती वेळा लागतं, कोणते खिळे जोडून दुसरं अक्षर बनवता येतं, याचा त्यांनी विचार केला. आजच्या भाषेत हे ऑप्टिमायझेशन. सावरकरांनी पुढे ‘अ’ची बाराखडी मांडली. इ, ई, उ यांच्यासाठी वेगळे खिळे न ठेवता ‘अ’लाच वेलांट्या आणि उकार लावायचे, अि, अी, अु. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती वापरलीही. जुन्या अंकांत ‘अितिहास’ असं छापलेलं दिसलं, तर तो मुद्रणदोष समजू नका.

या सगळ्यांचा हेतू चांगला होता, पण दिशा एकच होती. यंत्राला जमत नाही ना, मग लिपी बदला. टंकलेखन यंत्र आलं, यांत्रिक जुळणी आली आणि प्रत्येक वेळी थोडी जोडाक्षरं गळाली. एकावर एक बसणारी अक्षरं आडवी झाली, काही ठिकाणी उघडा पाय मोडून काम भागवलं गेलं. मुद्रणतज्ज्ञ बापूराव नाईक यांनी १९७१ साली ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ लिहून हा सारा इतिहास नोंदवून ठेवला.

एकच क्रमांक, दोन ‘ल’

कॉम्प्युटर आल्यावर गणित उलटलं. शेकडो आकार साठवणं आता महाग राहिलं नाही. १९८८ साली पुण्यात सीडॅक सुरू झालं आणि भारतीय लिप्यांसाठी तिथे मोठं काम झालं. १९९१ सालच्या इस्की या भारतीय मानकामागची कल्पना फार महत्त्वाची होती. कॉम्प्युटरने अक्षराचा आकार साठवायचा नाही, अक्षर साठवायचं. युनिकोडनेही तीच वाट धरली. मुंबईत रघुनाथ कृष्ण जोशींनी घडवलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट विंडोज २००० सोबत आला आणि लाखो लोकांनी पडद्यावर पहिल्यांदा युनिकोड मराठी पाहिली.

युनिकोडमध्ये ‘ल’चा क्रमांक आहे २३५४. मराठीत, हिंदीत, नेपाळीत, संस्कृतात तोच. हे योग्यच आहे, कारण अक्षर एकच आहे. त्याचा चेहरा फाँटने द्यायचा. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही चेहरे भरलेले असतात. मजकूर मराठी आहे असं कळलं, की फाँट पाकळ्यांचा ‘ल’ काढतो. नाही कळलं, की ठरलेला आकार देतो. तो ठरलेला आकार बहुतेक फाँटांत हिंदीचा असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ प्रमाण ठरवले आहेत. पण शासन निर्णय फोनच्या आत शिरत नाही. तिथे चालतो तो कोड.

मी सॉफ्टवेअर लिहिण्याचं काम करतो, म्हणून या जागी नेमकं काय घडतं ते सांगता येतं. वेबपानाच्या कोडमध्ये अगदी सुरुवातीला भाषेचं एक लेबल असतं. मराठीसाठी दोन अक्षरांचं, एम आणि आर. ते लावायला काही सेकंद लागतात. कित्येक मराठी पानांवर तिथे इंग्रजीचं लेबल राहिलेलं असतं, कारण तयार साचा इंग्रजीत आला आणि कुणी तो बदलला नाही. मग ब्राउझर फाँटला सांगतो, की हा मजकूर इंग्रजी आहे. फाँट बिचारा ठरलेला ‘ल’ काढून मोकळा होतो.

‘ल’ बदलला तर अर्थ बदलत नाही. पण मराठीत अशी एक जागा आहे, जिथे आकार गेला की अर्थही जातो. ‘आचार्यांना जेवायला बोलावलं’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला बोलावलं’. पहिल्यात गुरुजी आले, दुसऱ्यात स्वयंपाकी. दऱ्या आणि दर्या, तीच गोष्ट. डावीकडे चंद्रकोरीसारखा वळलेला हा अर्धा ‘र’ हिंदीला रोज लागत नाही. मराठीला लागतो. एखाद्या फाँटमध्ये किंवा कीबोर्डमध्ये तो विसरला गेला, तर वाऱ्याचा जोर आणि नवऱ्याचं नाव नीट लिहिता येत नाही. जावजींच्या काळी हा खिळा केसमध्ये नसता, तर जुळाऱ्याने मालकाकडे जाऊन मागितला असता. आज तो मागायचा कुणाकडे, हे बहुतेकांना माहीत नसतं.

पुन्हा निर्णयसागर

या इतिहासात एक वळण कुणी फारसं न सांगितलेलं आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने २०१५ साली ‘मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया’ ही माला सुरू केली. जुने भारतीय ग्रंथ मूळ लिपीत आणि समोर इंग्रजी भाषांतर, असं तिचं रूप. तिच्यासाठी नवं देवनागरी पुस्तकी अक्षर हवं होतं. ते घडवणाऱ्या टीममध्ये जॉन हडसन आणि फिओना रॉस होते आणि त्यांनी नमुना म्हणून समोर ठेवले निर्णयसागरचे खिळे. आरूंनी पोलादावर कोरलेली वळणं दीड शतकाने आलेखाच्या बिंदूंमध्ये उतरली. पुढे ‘टिरो देवनागरी’ या नावाने हे अक्षर गूगल फाँट्सवर सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं. त्याचे तीन अवतार आहेत, हिंदी, संस्कृत आणि मराठी. मराठी अवतारात पाकळ्यांचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वेगळं लेबल न लावताही येतात.

म्हणजे जे अक्षर मुंबईत घडलं, ज्या वळणाने बुधवार पेठेतल्या आनंदाश्रमात पोथ्यांचे ग्रंथ झाले, ते आता जगात कुणालाही एका क्लिकवर उतरवून घेता येतं. किंमत शून्य. मुंबईचे तरुण अक्षरकारही ‘मुक्ता’, ‘बालू’ यांसारखे फाँट घडवून खुले करत आहेत. तरीही मराठी ई-पुस्तकं, दिवाळी अंकांच्या वेबआवृत्त्या, कवितांची पोस्टर्स बहुतांशी फोनमध्ये आधीपासून असलेल्या अक्षरातच निघतात. हाताशी होतं ते घेतलं, एवढंच त्याचं कारण. श्रीरामपूरला १८०५ साली नागरी निवडली गेली, तीही काहीशी अशीच.

तेव्हा एवढं सामान जमवायला जावजींना फाउंड्री, भट्टी आणि आयुष्य लागलं. महादेव चिमणाजींना वकिलीची कमाई घालावी लागली. आपल्याला लागतात दोन गोष्टी. पान बनवणाऱ्याने भाषेचं लेबल मराठी ठेवायचं आणि फाँट निवडताना ‘लाल शाल’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘वाङ्मय’ हे तीन शब्द टाइप करून बघायचे. पूर्वी छापखान्याचा मालक खिळे घेण्याआधी नमुन्याचं पान बघायचा, त्याचीच ही छोटी आवृत्ती. ज्यांना कोड येत नाही, त्यांनी आपल्या आवडत्या मराठी संकेतस्थळाला एक मेल लिहायला हरकत नाही. बहुतेक ठिकाणी मेल वाचणारा आपल्याच वयाचा कुणीतरी असेल आणि बदल दहा मिनिटांचा असेल.